किशोर कादंबरीत आत्महत्या आणि विषप्रयोग : किती दाखवावं, आणि पुढे काही घडलं तर जबाबदारी कुणाची?

लिंबोणी

१४ ते १८ वयाच्या वाचकांसाठी कादंबरी लिहिते आहे, साधारण ५५ हजार शब्दांची. जागा लातूर, नीटच्या क्लासची मुलं राहतात ते वसतिगृह. कथानकं दोन. नवव्या प्रकरणात सोळा वर्षांचा एक मुलगा आत्महत्या करतो, मागे लांबलचक पत्र ठेवतो आणि पुढची पाच प्रकरणं त्या पत्राभोवती फिरतात. दुसरं कथानक त्याच्या मित्राच्या गावचं : जमिनीच्या वादातून काकाने आजोबांवर केलेला विषप्रयोग. तो ही मुलं उलगडतात.

खर्डा वाचणाऱ्यांत दोन तट पडलेत. एकांचं म्हणणं, नववं प्रकरण काढूनच टाका. दुसरे म्हणतात, मुलांना सगळं ठाऊक असतं, हातचं राखून लिहिलंत तर ती दहाव्या पानावर पुस्तक मिटतील. माझे प्रश्न :

१. कथा-कादंबरी वाचून कुणी जीव दिला किंवा घेतला, याला पुरावा आहे का? की सगळा ऐकीव मामला?
२. 'संवेदनशीलपणे लिहा' हा सल्ला पोटभर मिळाला. त्याचं नेमकं काय करायचं? कुठली ओळ काढायची, कुठली ठेवायची?
३. कायद्याने लेखकावर काही येतं का?
४. छापल्यावर काही घडलंच, तर पुस्तक मागे घ्यावं का?

आकडेमोडे

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

या चर्चेत सगळे जर्मन लेखक ग्यॉथंच्या 'वेर्थर'पासून सुरुवात करतात (त्यातला तरुण नायक शेवटी जीव देतो), आणि नेमका तोच पुरावा सगळ्यांत कच्चा आहे. कादंबरी १७७४ची. १७७५मध्ये लाइपझिगच्या नगर परिषदेने पुस्तकावर बंदी घातली, वेर्थरसारखा निळा कोट आणि पिवळं जाकीट घालण्यावरही घातली. पण तेव्हा किती तरुणांनी जीव दिला याची कुणीही मोजदाद केलेली नाही. ग्यॉथंने मात्र ओरड मनावर घेतली असावी, कारण १७७५च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने 'मर्द हो, माझ्या मागे येऊ नकोस' अशा अर्थाच्या ओळी घातल्या. आत्महत्येबद्दल वाचून इतरांनी तिचं अनुकरण करणं, याला 'वेर्थर परिणाम' हे नाव दोनशे वर्षांनी, १९७४मध्ये, डेव्हिड फिलिप्स या समाजशास्त्रज्ञाने दिलं, आणि त्याचा अभ्यास वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावरच्या खऱ्या आत्महत्यांच्या बातम्यांचा होता. कादंबरीचा नव्हे.

ललित कृतींबद्दलचा ठोस पुरावा पडद्यावरचा आहे. तीन अभ्यास लक्षात ठेवण्याजोगे.

जर्मनीत झेडडीएफ वाहिनीने १९८१मध्ये एका विद्यार्थ्याच्या आत्महत्येवरची सहा भागांची मालिका दाखवली आणि १९८२मध्ये पुन्हा दाखवली. श्मिटके आणि हेफनर यांनी १९८८मध्ये आकडे मांडले. पात्र १९ वर्षांचा मुलगा होता. त्याच पद्धतीच्या आत्महत्या सर्वाधिक वाढल्या त्या १५ ते १९ वयाच्या मुलांमध्ये, १७५ टक्क्यांपर्यंत. वय आणि लिंग पात्रापासून जितकं दूर, तितकी वाढ कमी. पुनर्प्रसारणाला प्रेक्षक कमी होते, तेव्हा वाढही कमी दिसली. या अभ्यासाचं वजन त्यातच आहे : परिणाम नुसता दिसला नाही, 'डोस'प्रमाणे कमीजास्त झाला.

दुसरा बीबीसीच्या 'कॅज्युअल्टी' या रुग्णालयातल्या मालिकेचा. १९९६च्या एका भागात औषधाचा अतिडोस दाखवला होता. कीथ हॉटन आणि सहकाऱ्यांचा अहवाल १९९९मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. प्रसारणानंतरच्या आठवड्यात अशा कारणाने रुग्णालयात येणारे १७ टक्क्यांनी वाढले, दुसऱ्या आठवड्यात ९ टक्क्यांनी. तो भाग पाहिलेल्या ज्या रुग्णांशी बोलणं झालं, त्यांच्यापैकी २० टक्क्यांनी निर्णयावर आणि १७ टक्क्यांनी औषधाच्या निवडीवर त्याचा प्रभाव पडल्याचं सांगितलं. औषधाचं नाव पटकथेत घालणाऱ्याला ते वास्तवासाठी हवं होतं, एवढंच.

तिसरा नेटफ्लिक्सच्या 'थर्टीन रीझन्स व्हाय'चा, आणि इथे जपून. मूळ कादंबरी २००७ची, मालिका ३१ मार्च २०१७ला आली. ब्रिज आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये मांडलं की अमेरिकेत १० ते १७ वयोगटातला आत्महत्यांचा दर त्या एप्रिलमध्ये अपेक्षेपेक्षा २८.९ टक्क्यांनी जास्त होता. बातम्यांमध्ये एवढंच आलं. पण स्पष्ट वाढ मुलग्यांमध्ये होती आणि मालिकेत जीव देणारं पात्र मुलगी आहे, म्हणजे जर्मन अभ्यासाशी हे जुळत नाही. डॅनियल रोमर यांनी २०२०मध्ये तीच आकडेवारी पुन्हा तपासली, आधीपासून चढत चाललेला कल वजा केला, तेव्हा तो ठाम निष्कर्ष टिकला नाही. तरी नेटफ्लिक्सने जुलै २०१९मध्ये आत्महत्येचा जवळपास तीन मिनिटांचा प्रसंग कापला. कादंबरीत तो प्रसंग असा उघडा दाखवलेला नव्हता, हे तुमच्या कामाचं.

उलट दिशेचाही पुरावा आहे. व्हिएन्नात भुयारी रेल्वेतल्या आत्महत्या वाढत होत्या. १९८७च्या मध्यावर वृत्तपत्रांनी बातमीदारीचे नियम पाळायला सुरुवात केली, आणि त्याच वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीत हे प्रकार ८० टक्क्यांच्या आसपास घटले. २०१०मध्ये नीडरक्रोटेनथालर यांनी ऑस्ट्रियातल्या बातम्या वेगवेगळ्या करून पाहिल्या. जीव द्यायचा विचार मनात आलेली, पण त्यातून बाहेर पडलेली माणसं ज्या बातम्यांत होती, त्यांच्यानंतर आत्महत्या घटलेल्या दिसल्या. याला 'पापागेनो परिणाम' म्हणतात, मोझार्टच्या १७९१च्या ऑपेरातल्या पात्रावरून. तो जीव द्यायला निघालेला असतो आणि तीन मुलं त्याला त्याच्याकडच्या घंटांची आठवण करून देतात.

तेव्हा उत्तर असं : छापील कादंबरीबद्दलचा थेट पुरावा विरळ, पडद्याचा बरा, आणि सगळा मिळून एकच सांगतो. आधीपासून काठावर उभ्या असलेल्या, पात्राशी वय-परिस्थिती जुळणाऱ्या वाचकाला धोका असतो. तुमचं पात्र सोळा वर्षांचं, वाचक सोळा वर्षांचा, दोघेही नीटच्या क्लासला. भारतात २०२२ साली नोंदलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी १३,०४४ विद्यार्थी होते. जुळणी याहून घट्ट होणं कठीण.

लाल शाई

दुसरा प्रश्न माझ्या धंद्याचा आहे. नववं प्रकरण काढू नका. त्यातलं काय काढायचं ते सांगते.

पद्धत. साधन, जागा, वेळ, प्रमाण, क्रम या पाचांपैकी एकही पानावर नको. 'सूचक' लिहिण्याच्या नादात लेखक खुणा ठेवतात : कपाटातली अमुक वस्तू, गच्चीचं उघडं दार. मुलं खुणा फार चटकन जोडतात. प्रकरण प्रसंगाच्या बरंच आधी थांबवा आणि पुढचं प्रकरण दुसऱ्याच माणसाच्या दिवसापासून सुरू करा. वाचकाला मृत्यू कळेल तो वॉर्डनच्या फोनवरून किंवा वर्गातल्या रिकाम्या बाकावरून. पुढच्या पाच प्रकरणांत कुणाच्या तरी तोंडून पद्धत निसटते, ते शेवटच्या प्रुफात मुद्दाम शोधा. बहुतेक वेळा पोलीस किंवा शेजारी पात्र घात करतं.

पत्र. तुमच्या आराखड्यात सगळ्यांत धोकादायक मला हे वाटतं, पद्धतीपेक्षाही. मेलेला मुलगा पत्रातून पाच प्रकरणं बोलत राहतो, सगळे त्याचं ऐकतात, चुकलेल्यांना पश्चात्ताप होतो. काठावरच्या मुलाची कल्पना नेमकी हीच असते : 'मग कळेल त्यांना.' मेल्यावर कळलेलं बघायला आपण नसतो, हे तुमची रचना पुसून टाकते आहे. पत्र ठेवायचं तर ते अपुरं, विस्कळीत, काही बाबतींत चुकीचं ठेवा. ज्या मित्राला तो दोष देतो, त्याने खरं तर दोनदा फोन केला होता असं निघू दे. पत्र सलग छापू नका, वेगळ्या टंकात तर अजिबात नको.

बक्षीस. शोकसभेत क्लासचे संचालक रडतात, न बोलणारी मुलगी फुलं ठेवते, बाप मान खाली घालतो. हे तिन्ही प्रसंग एकत्र आले की मृत्यू फळला असं वाचकाला वाटतं. त्याऐवजी मागे राहिलेल्यांचा राग लिहा, धाकट्या भावाची झोप उडणं लिहा, आईने सहा महिने एकच प्रश्न विचारत राहणं लिहा. कंटाळवाणं होईल ही भीती सोडा, नीट लिहिलं तर होत नाही.

एकच कारण. 'मार्क कमी पडले म्हणून' ही बातमीची भाषा आहे. चार-पाच महिने चाललेली निद्रा-भुकेची मोडतोड, घरच्या कर्जाचं ओझं, मित्र तुटणं, आधी एकदा कुणाला तरी अर्धवट सांगून पाहणं, असं सगळं आठव्या प्रकरणापर्यंत पेरा. वाचणाऱ्या मित्राला खुणा ओळखता आल्या पाहिजेत. इथे हवा तेवढा तपशील द्या.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. त्याच काठावर आलेलं आणि परतलेलं दुसरं पात्र हवं, आणि ते मुख्य कथानकात हवं. शेवटच्या पानावर चिकटवलेली समुपदेशक बाई चालणार नाही. ते पात्र कुणाला सांगतं? पहिल्या मोठ्या माणसाने 'अभ्यास कर, विचार निघून जातील' म्हणून झटकलं तर पुढे काय करतं? दुसऱ्या माणसाशी पहिलं वाक्य काय बोलतं? डॉक्टरकडे गेल्यावर काय विचारतात, घरी कसं सांगतात? पद्धतीवर जी बारकाई खर्च करणार होतात, ती सगळी इथे ओता.

पुस्तकाबाहेरचं :

– मुखपृष्ठावर आणि आतल्या रेखाटनांत साधन किंवा उंच जागेच्या टोकावरची आकृती नको. चित्रकाराला हे लेखी कळवा, नाहीतर हमखास तेच चित्र येतं.
– केंद्र सरकारच्या टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. प्रत्येक पुनर्मुद्रणाआधी स्वतः फोन लावून क्रमांक चालू असल्याची खात्री करा. बोलकं पुस्तक निघालं तर तो वाचून दाखवायला सांगा.
– सुरुवातीला सूचना घाला, पण तिच्या भरवशावर राहू नका. २०२३मध्ये अशा सूचनांवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. त्यांनी वाचकाचा त्रास कमी होत नाही, वाचण्याआधीची धास्ती थोडी वाढते, असं त्यात निघालं.
– मानसोपचारतज्ज्ञाला आठ ते चौदा प्रकरणंच पाठवा, सोबत पाच नेमके प्रश्न. 'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान आहे' असं उत्तर येईल. हे पानं लावण्याआधी करा. नंतर कुणी अख्खं प्रकरण हलवू देत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये चित्रपट आणि रंगभूमीवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली आहे. कादंबरीकारांसाठी नसली तरी वरचं बरंचसं तिच्यात सापडेल.

हिरवी बाटली

विषाचं मी घेतो, कारण तिथे नियम वेगळा आहे. आत्महत्येत तपशील झाकायचा, विषप्रयोगात अर्धा झाकायचा आणि अर्धा ठळक करायचा.

ॲगाथा ख्रिस्तीच्या १९६१च्या 'द पेल हॉर्स'मध्ये थॅलियम या विषारी धातूच्या बाधेची लक्षणं चोख दिली आहेत. बाईंनी पहिल्या महायुद्धात टॉर्कीच्या रुग्णालयातल्या औषधालयात काम केलं होतं, माल पक्का. १९७७मध्ये कतारहून लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात १९ महिन्यांची एक मुलगी आणली. डॉक्टरांना निदान होईना. तिथली एक परिचारिका तेव्हा हीच कादंबरी वाचत होती. केस गळताना पाहून तिला शंका आली, तपासणीत थॅलियमच निघालं आणि मूल वाचलं. त्याआधी १९७२मध्ये इंग्लंडमध्ये ग्रॅहम यंग या विषप्रयोग करणाऱ्याला शिक्षा झाली, त्यानेही थॅलियम वापरलं होतं, आणि लगेच बोट याच पुस्तकाकडे गेलं. आपण ते वाचलंच नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

यातून लिहिणाऱ्याने काय घ्यायचं? लक्षणं, निदान, तपास हा भाग वाचवणाऱ्याच्या उपयोगाचा. मिळवायचं कुठून, किती, कशात मिसळायचं, चव कशी लपवायची हा करणाऱ्याच्या उपयोगाचा. पहिला मनसोक्त लिहा. दुसऱ्यातली किमान एक कडी मुद्दाम तोडा. विषाला नाव देऊ नका, किंवा नाव दिलंत तर वापरण्याची रीत अशी ठेवा की प्रत्यक्षात फसेल. रहस्यकथेच्या वाचकाला फसवणूक झाल्यासारखं वाटत नाही, कारण त्याचं लक्ष 'कुणी' आणि 'का' यांवर असतं.

तुमच्या मुलांना शोध लावायचाय ना? मग मराठी वाचकाला ओळखीचं सगळं हाताशी आहे. शवविच्छेदनात मृत्यूचं कारण राखून ठेवतात, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, मिठाच्या संपृक्त द्रावणात भरून सीलबंद करून न्यायसहायक प्रयोगशाळेत जातो. कुठल्या विषाचा संशय आहे हे पोलिसांनी कळवलं नसेल तर नेहमीच्या चाचण्यांत न बसणारं विष हातून निसटू शकतं. अहवालाला वेळ लागतो, आणि त्या मधल्या काळात काका सातबाऱ्यावर नाव लावायला निघालेला. रहस्य तिथेच रंगतं.

फ्रेडरिक फोर्सिथच्या १९७१च्या 'द डे ऑफ द जॅकल' या कादंबरीत मृत मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट काढण्याची युक्ती आहे. ब्रिटनमध्ये ती पळवाट पुस्तक आल्यावरही कित्येक वर्षं उघडी राहिली, फसवणुकीच्या त्या प्रकाराला कादंबरीचंच नाव पडलं. इथे लेखकापेक्षा पासपोर्ट कार्यालयाला जास्त झोडपायला हवं, असं माझं मत. सरकारी भोक जगजाहीर झालं तर ते बुजवणं सरकारचं काम. विषाला असं बुजवता येत नाही, म्हणून तिथे कडी तोडायची.

तिरपागडा

सगळं फार शहाणपणाचं चाललंय. दहा वर्षांनी मराठी किशोर कादंबरी म्हणजे समुपदेशन केंद्राचं माहितीपत्रक होईल, तेव्हा हा धागा वर काढा.

'शक्तिमान' आठवतंय? मुलं त्याची नक्कल करून जिवावर बेततात अशा बातम्या आल्या, मालिकेत सूचना सुरू झाल्या. नक्की किती मुलं, कोणत्या कारणाने, हे कुणी मोजलं? पुस्तकावर खापर फोडणं स्वस्त पडतं. वसतिगृहात एका खोलीत चार मुलं कोंबली, रविवारीही परीक्षा घेतली, यावर कुणी धागा काढत नाही. लाखो लोक वाचतात आणि एक जण काही करतो, तर त्या लाखांसाठी लिहायचं की एकासाठी?

मागचं पान

तिरपागडा, तुमचा शेवटचा प्रश्न खरा आहे आणि स्टीफन किंगने त्याचं उत्तर देऊन ठेवलंय. लिंबोणीताईंच्या चौथ्या प्रश्नाचंही.

'रेज' ही कादंबरी त्याने शाळा-कॉलेजच्या वयात लिहायला घेतली आणि १९७७मध्ये रिचर्ड बाकमन या टोपणनावाने छापली. एक विद्यार्थी शिक्षिकेला गोळी घालून वर्ग ओलीस धरतो, आणि हळूहळू वर्ग त्याच्याच बाजूचा होतो. १९८८पासून कॅलिफोर्निया, केंटकी इथल्या शाळांमधल्या अशा प्रकारांत हल्लेखोराने ती वाचल्याचं पुढे येत गेलं. १ डिसेंबर १९९७ला केंटकीतल्या हीथ हायस्कूलमध्ये तीन मुली मेल्या, त्या हल्लेखोराच्या लॉकरमध्ये प्रत सापडली. त्यानंतर किंगने प्रकाशकाला कादंबरी छपाईतून काढायला सांगितलं. कोर्ट नाही, बंदी नाही, सरकारचं पत्र नाही.

त्याने कारण काय दिलं ते बघा. २०१३च्या 'गन्स' या निबंधात तो म्हणतो की ही मुलं आधीच मोडलेली होती, पुस्तकाने त्यांना खुनी बनवलं नाही. पण पेटत्या जागी इंधन पडावं तसं ते असू शकतं, म्हणून काढलं, आणि काढल्याचा खेद नाही. त्याच निबंधात तो बंदुकांच्या कायद्यावर तुटून पडतो. म्हणजे तुम्ही म्हणता ते वसतिगृह आणि मी म्हणतो ते पुस्तक यांतलं एकच निवडायची सक्ती त्याने मानली नाही. लक्षात घ्या, त्याने हिंसेवर लिहिणं सोडलं नाही. बाकी पुस्तकं जागच्या जागी आहेत. काढली ती एक, जिच्यात करणाऱ्याला वर्गाची वाहवा मिळते आणि जी एकाच तऱ्हेच्या हातांत पुन्हा पुन्हा सापडली. लाल शाईंनी 'बक्षीस' म्हटलं, तेच.

उलट टोकाला थॉमस डिक्सन. त्याच्या १९०५च्या 'द क्लॅन्समन' या कादंबरीत कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेचे लोक क्रॉस पेटवतात. १८६०च्या दशकातला मूळ क्लॅन असं काही करत नव्हता. कादंबरीवरून १९१५मध्ये 'द बर्थ ऑफ अ नेशन' चित्रपट आला आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला जॉर्जियातल्या स्टोन माउंटनवर क्लॅनचं पुनरुज्जीवन झालं ते क्रॉस पेटवूनच. काळ्यांना घाबरवायचा विधी एका कादंबरीकाराने हातात दिला, आणि त्याचा हेतूच गोऱ्यांना चेतवण्याचा होता. इथे 'लाखांतला एक' हा बचाव चालत नाही. लाखांनी जे करावं म्हणून लिहिलं, ते लाखांनी केलं.

मागे घेण्याची व्यवहारातली बाजू. 'रेज' १९८५च्या एकत्रित खंडात होती, त्या जुन्या प्रती फिरतच राहिल्या आणि महाग झाल्या. छापलेलं पुसता येत नाही, पुढचा पुरवठा थांबवता येतो. आपल्याकडे त्यासाठी करारातच सोय हवी. कॉपीराइट कायदा, १९५७च्या कलम ५७ने लेखकाला नाव लावण्याचा आणि कृतीच्या मोडतोडीविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिलाय, प्रसिद्ध झालेली कृती परत घेण्याचा हक्क त्यात नाही. म्हणून हक्क आवृत्तीपुरते द्या, आणि 'लेखिकेच्या लेखी संमतीशिवाय पुनर्मुद्रण नाही, पुढील आवृत्तीत दुरुस्तीचा अधिकार लेखिकेकडे' हे कलम घाला. ई-पुस्तक आणि श्राव्य आवृत्ती स्वतंत्र लिहा. तिथे आवृत्ती नावाचा प्रकार नसतो, करार आपोआप चालू राहतो.

आणि मागे घेण्याआधी एक पायरी असते, दुरुस्ती. एका बातमीवर पुस्तक काढू नका. पुस्तकातला नेमका कोणता भाग उचलला गेला ते कळलं, तर तो पुढच्या छपाईत बदला.

कलमदान

तिसऱ्या प्रश्नाला उशिरा आलो. थोडक्यात : कादंबरी लिहिल्याबद्दल आत्महत्येस प्रवृत्त केल्याचा गुन्हा टिकणं जवळपास अशक्य.

१ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. प्रवृत्त करणं म्हणजे काय ते कलम ४५मध्ये, आत्महत्येस प्रवृत्त करणं कलम १०८मध्ये, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मृत व्यक्ती बालक असेल तर कलम १०७, शिक्षा त्याहून कडक. पण चिथावणी, कट किंवा हेतुपुरस्सर मदत यांपैकी एक सिद्ध व्हावं लागतं. रमेशकुमार विरुद्ध छत्तीसगड राज्य (२००१) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने चिथावणीचा अर्थ सांगितलाय : कृत्य करण्यासाठी उद्युक्त करणं, ढकलणं. परिणामाचा विचार न करता रागाच्या भरात निघालेला शब्द त्यात येत नाही. अनोळखी वाचकांसाठी छापलेली गोष्ट यापासून कोसभर लांब.

अभिव्यक्तीवरच्या निर्बंधांसाठी सर्वोच्च न्यायालयाचाच एस. रंगराजन (१९८९) हा निकाल वाचा. धोका दूरचा किंवा काल्पनिक चालत नाही, मजकूर आणि कृती यांचा संबंध दारूच्या कोठारातल्या ठिणगीइतका जवळचा हवा. श्रेया सिंघल (२०१५) निकालाने चर्चा, पुरस्कार आणि चिथावणी असे तीन थर वेगळे केले. अडवता येतं ते फक्त तिसऱ्यावर.

अमेरिकेत असे दावे प्रत्यक्ष झाले, आणि बहुतेक फेटाळले गेले. १९७४च्या एका दूरचित्रपटातल्या अत्याचाराची नक्कल झाली म्हणून एनबीसी या वाहिनीवर दावा झाला, कॅलिफोर्नियातल्या अपील न्यायालयाने १९८१मध्ये तो मान्य केला नाही. हीथ हायस्कूलच्या पालकांचा चित्रपट आणि व्हिडिओ गेम कंपन्यांवरचा दावा २००२मध्ये अपिलातही हरला. अपवाद राइस विरुद्ध पॅलाडिन, १९९७. पॅलाडिन या प्रकाशनसंस्थेचं ते पुस्तक भाडोत्री खुनाची कृती पायरीपायरीने शिकवणारी पुस्तिका होतं. मुळात कादंबरी म्हणून सुचलेलं, प्रकाशनाच्या वेळी कथा गाळून नुसती कृती उरली. न्यायालयाने दावा चालू दिला, १९९९मध्ये प्रकाशकाने तडजोड केली आणि विक्री थांबवली. हिरवी बाटलींनी 'कडी तोडा' म्हटलंय, ते कायद्याच्या बाजूनेही बरोबर आहे.

तुम्हाला खरा धोका दुसरीकडून आहे. गोष्ट लातूरमधल्या खऱ्या घटनेवर बेतली असेल तर न्याय संहितेचं बदनामीवरचं कलम ३५६ पाहा. मृत व्यक्तीबद्दलचं लेखन कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेलं असेल तर तीही बदनामी ठरू शकते. क्लासचं नाव, गल्ली, गणवेशाचा रंग, घटनेचं वर्ष, वडिलांचा व्यवसाय यांपैकी निदान तीन बदला, नुसतं नाव बदलून भागत नाही. 'सर्व पात्रे काल्पनिक' ही ओळ घाला, तिच्यावर विसंबू नका.

पुढे नाटक केलंत तर महाराष्ट्रात रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागेल. वेबमालिका झाली तर २०२१च्या नियमांनुसार वयोगटाचं वर्गीकरण आणि आशयाची सूचना द्यावी लागते. छापील कादंबरीला पूर्वपरवानगी काहीच नाही, म्हणून वरची सगळी चाळणी लेखक-संपादकांवर येते.

लिंबोणी

सगळ्यांचे आभार. पत्राची रचना मोडते आहे. धाकट्या भावाला पत्राचा अर्धाच भाग मिळतो आणि त्यातली निम्मी माहिती चुकीची निघते, असं करून पाहते. काठावरून परतणारं पात्र म्हणजे विषाचा छडा लावणारा मित्रच, म्हणजे दोन्ही कथानकं जुळतील.

एक राहिलं. कादंबरी पुस्तकाआधी एका ॲपवर क्रमशः यायची आहे, आठवड्याला एक प्रकरण. काही वेगळं करावं लागेल?

लाल शाई

लागेल. नवव्या प्रकरणाच्या शेवटी 'क्रमशः' आलं, तर सोळा वर्षांचा वाचक आठवडाभर त्या मृत्यूपाशीच थांबून राहतो. नववं आणि दहावं एकाच दिवशी टाका, आणि दहाव्यात मित्र कुणाशी तरी बोलायला गेलेला असू दे. आठव्याचा शेवटही तपासा, 'उद्या काय होणार?' अशा थाटाचा नको. भागाची जाहिरात करणारं वाक्य तुम्हीच लिहून द्या, नाहीतर ॲपवाले मृत्यूचंच वाक्य उचलतील. मदतीचा १४४१६ हा क्रमांक आठव्यापासून चौदाव्यापर्यंत प्रत्येक भागाखाली हवा, कारण ॲपवर लोक मधूनच वाचायला लागतात.

आणि प्रतिक्रियांवर त्या सहा आठवड्यांत रोज कुणीतरी नजर ठेवायला हवी. एखादा वाचक स्वतःबद्दल तसं काही लिहून गेला तर उत्तर कोण देणार, काय देणार, हे पहिला भाग टाकण्याआधी ॲपच्या संपादकांशी ठरवून घ्या. मित्राने नवव्यानंतर जो दुसरा दरवाजा ठोठावला, त्याचं प्रकरण मला आधी पाठवा. ते जमलं की बाकीचं बघू.

तिरपागडा

मित्रच छडा लावणार आणि मित्रच वाचणार, हे मात्र आवडलं. माहितीपत्रकाबद्दलचं विधान तूर्त राखून ठेवतो, व्हिसेऱ्यासारखं.